दम कशाने लागतो: फुप्फुसातल्या दाबाने की लोहाच्या टंचाईने?

हातात दोन कागद आहेत असं समजा. एक टूडी एकोचा रिपोर्ट. त्यात शेवटच्या ओळीत 'पीए प्रेशर ६२' लिहिलंय आणि पुढे 'सिव्हिअर पल्मनरी हायपरटेन्शन'. दुसरा कागद रक्ततपासणीचा, त्यात हिमोग्लोबिन ८.४. पहिला हृदयाच्या डॉक्टरांनी पाहिला, दुसरा घराजवळच्या डॉक्टरांनी. दोघांनी आपापली औषधं लिहून दिली. दोन्ही कागद एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवून कुणी वाचलेच नाहीत.

ज्या बाईंचे हे कागद, त्यांना एक जिना चढला की धाप लागते, छातीत धडधडतं, संध्याकाळी पायांवर सूज येते. घरचे विचारतात, "दम नक्की कशाचा? फुप्फुसाचा, हृदयाचा की रक्त कमी असल्याचा?" प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर बहुतेकदा 'दोन्हींचा' असंच असतं, आणि त्यातला लोहाचा भाग भरून काढता येण्याजोगा असतो. तरीही तो मागे पडतो. फुप्फुसांतल्या दाबाची औषधं महाग, आजार मोठा, त्यापुढे 'रक्त कमी आहे, गोळ्या घ्या' हे किरकोळ वाटतं. ते किरकोळ नाही, हे या लेखात सांगायचं आहे.

दंडावरचं बीपी वेगळं, फुप्फुसातलं वेगळं

"पण माझं बीपी तर नॉर्मल आहे," हे पहिलं वाक्य ऐकू येतं. दंडाला पट्टा बांधून मोजतात ते शरीरभर रक्त नेणाऱ्या धमन्यांमधलं बीपी. ते हृदयाच्या डाव्या पंपाचं. उजवा पंप निराळा. त्याचं काम एवढंच, की शरीरातून परत आलेलं रक्त शेजारच्याच फुप्फुसांत ढकलायचं. अंतर थोडं, नळ्या रुंद आणि लवचीक, त्यामुळे दाबही थोडा लागतो. निरोगी माणसाच्या फुप्फुसधमनीत विश्रांतीच्या वेळी सरासरी दाब साधारण १४ मिलिमीटर असतो. तो २० च्या वर गेला की त्याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. इथून पुढे आपण त्याला 'फुप्फुसदाब' म्हणू. एकोवर दिसतो तो अंदाज, आणि तोही सरासरी दाबाचा नसून ठोक्यागणिक वर चढणाऱ्या दाबाचा. म्हणून एकोवरचे ६२ आणि वरचे २० या आकड्यांची थेट तुलना करू नये. नेमका आकडा हवा असेल तर शिरेतून बारीक नळी थेट हृदयाच्या उजव्या बाजूला नेऊन मोजावा लागतो.

उजव्या पंपाची भिंत पातळ असते. ठिबक सिंचनासाठी बसवलेल्या छोट्या मोटरला एके दिवशी टेकडीवरची टाकी भरायला लावली तर तिचं काय होईल? काही दिवस ती ओढेल, तापेल, मग दमेल. पायावरची सूज आणि चालताना येणारी भोवळ ही या दमलेल्या मोटरची लक्षणं.

दाब वाढण्याची कारणं पाच गटांत मांडतात. आपल्याकडे बरेचदा दिसतात ती अशी: लहानपणी येऊन गेलेल्या संधिवाताच्या तापाने आकसलेली हृदयाची झडप, बिडी-सिगारेटने किंवा वर्षानुवर्षं चुलीच्या धुराने खराब झालेली फुप्फुसं, वेळेत बंद न केलेलं हृदयातलं छिद्र, फुप्फुसात अडकून राहिलेल्या रक्ताच्या गाठी. आणि एक दुर्मिळ गट, ज्यात फुप्फुसांतल्या बारीक धमन्याच आतून जाड आणि अरुंद होत जातात. तो बायकांमध्ये जास्त आढळतो, पुष्कळदा ऐन तरुणपणी. लोहावरचं बरंचसं संशोधन या शेवटच्या गटात झालेलं आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

कणगी, गाडी आणि तवा

शरीरात लोह असतं किती? सगळं मिळून तीन ते चार ग्रॅम, म्हणजे एखाद्या खिळ्याएवढं. त्यातलं सुमारे दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. हिमोग्लोबिन म्हणजे लाल पेशींमधलं ऑक्सिजन वाहून नेणारं द्रव्य. बाकीचं साठ्यात, स्नायूंत आणि पेशींच्या आत ऊर्जा बनवणाऱ्या यंत्रणेत.

अस्थिमज्जेला नव्या लाल पेशी घडवायला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं. अन्नातून मात्र रोज जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम आत येतं. उरलेलं सगळं जुन्या, म्हाताऱ्या झालेल्या लाल पेशी मोडून त्यांतून परत मिळवलेलं असतं. शरीर लोहाच्या बाबतीत इतकं काटकसरी आहे, की लोह बाहेर टाकायची मुद्दाम केलेली सोयच त्याच्याकडे नाही. त्यामुळे रक्त गळालं तर तूट झटकन दिसते. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत दर महिन्याला ८० मिलिलिटर रक्त गेलं, तर ४० मिलिग्रॅम लोह गेलं. महिनाभर खाऊन-पिऊन जे कमावलं ते जवळपास सगळं.

रिपोर्टवरचे तीन शब्द इथेच समजून घेऊ. फेरिटिन म्हणजे घरातली धान्याची कणगी, लोहाचा साठा. ट्रान्सफेरिन म्हणजे तो माल गिरणीपर्यंत नेणारी गाडी, आणि 'ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन' म्हणजे ती गाडी किती टक्के भरलेली आहे. हिमोग्लोबिन म्हणजे तव्यावरची भाकरी.

"हिमोग्लोबिन बारा आहे, मग कमतरता कसली?"

कणगी रिकामी होत आली तरी चार दिवस घरात भाकरी भाजली जातेच. पाहुण्याला वाटतं सगळं ठीक आहे. शरीरातही आधी साठा संपतो, मग गाड्या अर्ध्या रिकाम्या धावू लागतात आणि हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी उतरतं. म्हणजे हिमोग्लोबिन बरं दिसत असताना लोह संपलेलं असू शकतं. ढोबळ हिशेबाने हिमोग्लोबिन बायकांमध्ये १२ आणि पुरुषांमध्ये १३ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया. लोहाची कमतरता त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

आणि भाकरी हा लोहाचा एकच उपयोग नाही. स्नायूला, विशेषतः अहोरात्र धडधडणाऱ्या हृदयाच्या स्नायूला, ऊर्जा बनवायला लोह लागतं. आधीच ताणाखाली असलेल्या उजव्या पंपाला इंधनही अपुरं पडलं तर तो लवकर दमणार.

२०११ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी कारण न सापडलेल्या फुप्फुसदाबाच्या ७० रुग्णांचं लोह तपासलं. त्यांतल्या ३० जणांना कमतरता होती. सहा मिनिटांत माणूस किती चालतो ही या आजारातली नेहमीची परीक्षा. लोह पुरेसं असलेले रुग्ण सरासरी ४६० मीटर चालले, कमतरता असलेले ३९०. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की हा फरक अ‍ॅनिमिया असो वा नसो, दिसत होता. त्याच वर्षी लंडनच्या एका गटाने वेगळ्या कसोटीने मोजलं तेव्हा तिथे कमतरतेचं प्रमाण ६३ टक्के निघालं.

यावरून 'लोह कमी म्हणून चाल कमी' असं लगेच म्हणू नये. आजार जास्त असेल म्हणूनही दोन्ही कमी झालेलं असू शकतं. पण तपासायला हवं एवढं तर यातून नक्की ठरतं.

तपासताना एक फसगत होते. फेरिटिन हे साठ्याचं माप असलं तरी शरीरात कुठे दाह किंवा संसर्ग असला की ते आपोआप वाढतं. कणगीत धान्य आहे, पण कोठीला कुलूप आहे, तशातली गोष्ट. म्हणून निरोगी माणसाला लावायचा १५ किंवा ३० चा निकष इथे पुरत नाही. युरोपातल्या हृदयरोग आणि श्वसनरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात फेरिटिन १०० च्या खाली असेल तर कमतरता धरलेली आहे, आणि १०० ते २९९ च्या दरम्यान असेल पण गाडी २० टक्क्यांपेक्षा कमी भरलेली असेल तरीही कमतरताच. लॅबच्या कागदावर फेरिटिन ४५ असेल तर शेजारी 'नॉर्मल' छापून येतं. फुप्फुसदाबाच्या रुग्णासाठी ते नॉर्मल नाही.

लोह जातं कुठे?

आधी साधी कारणं. भारतात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के अ‍ॅनिमियाग्रस्त आहेत आणि महाराष्ट्रात सुमारे ५४ टक्के, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. म्हणजे निम्म्याहून जास्त बायका फुप्फुसदाबाचा आजार व्हायच्या आधीच कमी रक्तावर चाललेल्या असतात. त्यात पाळीचा रक्तस्राव, जंत, मूळव्याध, पोटातला अल्सर. फुप्फुसात गाठी असलेल्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, त्याने पाळीतलं जाणं आणखी वाढतं किंवा आतड्यातून नकळत रक्त झिरपतं. बोसेन्टन, अँब्रिसेन्टन, मॅसिटेन्टन या फुप्फुसदाबावरच्या औषधांनीही हिमोग्लोबिन थोडं उतरतं. तिथे बराचसा भाग शरीरातलं पाणी वाढून रक्त पातळ होण्याचा असतो. म्हणून ही औषधं चालू असताना हिमोग्लोबिन ठरावीक काळाने बघावं लागतं.

आता या आजाराचं स्वतःचं कारण. आपल्या यकृतात हेप्सिडिन नावाचं एक छोटं संप्रेरक तयार होतं. लोहाच्या कोठीची किल्ली याच्याकडे. हेप्सिडिन वाढलं की आतड्यातून लोह आत घ्यायचं दार बंद होतं आणि साठ्यातलं लोहही बाहेर पडत नाही. जंतुसंसर्गात हे उपयोगी असतं, कारण जंतूंनाही लोह हवंच असतं. दुर्मिळ गटातल्या फुप्फुसदाबात मात्र लोह कमी असतानाही हेप्सिडिन चढलेलं सापडतं. लोह कमी असेल तर ते उतरायला हवं. ते का उतरत नाही? एक धागा दाहाकडे जातो. दुसरा जास्त कुतूहलाचा आहे: वंशपरंपरेने येणाऱ्या फुप्फुसदाबात ज्या जनुकात सर्वाधिक बिघाड सापडतो, ते जनुक ज्या संदेश-साखळीत काम करतं, तीच साखळी यकृतात हेप्सिडिनचं प्रमाणही ठरवते. धमन्या जाड करणारा दोष आणि लोहाचं दार लावणारा दोष एकाच घरातले असावेत, असा हा दाट संशय.

लोह कमी झालं की नळ्या का आवळतात

या विषयातला मला सगळ्यात विलक्षण वाटणारा भाग हा.

शरीरात इतरत्र ऑक्सिजन कमी पडला की रक्तवाहिन्या रुंदावतात. फुप्फुसात उलट होतं, त्या आवळतात. यात शहाणपण आहे: फुप्फुसाच्या ज्या कोपऱ्यात हवा पोचत नाही तिथे रक्त पाठवून उपयोग काय? तिकडची वाट अरुंद करून रक्त हवेशीर भागाकडे वळवलं जातं. पण सगळ्याच वाटा अरुंद झाल्या तर दाब वाढतो.

ऑक्सिजन पुरेसा आहे की नाही हे पेशीला कसं कळतं, या शोधासाठी २०१९ चं वैद्यकाचं नोबेल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना मिळालं. पेशीत एक धोक्याची घंटा असते. ऑक्सिजन भरपूर असला की काही विकरं (एन्झाइम्स) ती घंटा सतत मोडून टाकत राहतात, म्हणून ती वाजत नाही. या विकरांना काम करायला ऑक्सिजन तर लागतोच, लोहही लागतं. लोह नसेल तर घंटा मोडली जात नाही. हवेत ऑक्सिजन भरपूर असूनही पेशीला वाटतं, आपण गुदमरतोय. फुप्फुसातल्या नळ्या त्या खोट्या घंटेवर विश्वास ठेवून आवळू लागतात.

हे माणसांवर पाहिलेलं आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी पेरूमधल्या सेरो दे पास्को या ४३४० मीटर उंचीवरच्या गावात प्रयोग केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. समुद्रसपाटीला राहणारे २२ निरोगी पुरुष त्यांनी तिथे नेले. विरळ हवेने त्यांच्या फुप्फुसधमनीतला वरचा दाब ३७ पर्यंत चढला होता. निम्म्यांना शिरेतून लोह दिलं, निम्म्यांना नुसतं सलाईन. लोह मिळालेल्यांचा दाब ३१ वर आला. मग तिथेच राहणाऱ्या, रक्त अति दाट झालेल्या ११ जणांचं टप्प्याटप्प्याने दोन लिटर रक्त काढलं, म्हणजे अर्थात लोहही काढलं. त्यांचा दाब ३७ वरून ४६ वर गेला. मात्र नंतर त्यांना लोह परत दिलं तेव्हा दाब लगेच उतरला नाही. ही शेवटची ओळ पुष्कळदा सांगितली जात नाही, पण ती महत्त्वाची आहे. तिच्याकडे पुन्हा येऊ.

"गोळ्या चालूच आहेत की"

लोहाच्या गोळ्या स्वस्त आहेत, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आशाताई घरी आणून देतात. सौम्य कमतरता असेल तर सुरुवात गोळीनेच करणं योग्य आहे. पण ती नीट घ्यायला हवी. रिकाम्या पोटी किंवा दोन जेवणांच्या मध्ये, लिंबू-पाण्याबरोबर. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोन तास लांब. आम्लपित्तावरच्या गोळ्या रोज चालू असतील तर लोह कमी शोषलं जातं, हे डॉक्टरांना सांगा. गोळी घेतली की हेप्सिडिन दिवसभर वाढतं, म्हणून रोज दोन-तीन गोळ्या कोंबण्यापेक्षा एक दिवसाआड एक गोळी दिली तर त्या गोळीतलं लोह चांगलं शोषलं जातं, असं निरोगी तरुणींवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. शी काळी होते, घाबरू नका. बद्धकोष्ठ होतं, तेही सांगा. गुपचूप गोळ्या बंद करू नका.

तरीही फुप्फुसदाबात गोळी पुष्कळदा कमी पडते. किल्ली हेप्सिडिनकडे, आणि ते दार लावून बसलेलं. अ‍ॅमस्टरडॅमच्या त्याच अभ्यासात १८ जणांना चार आठवडे गोळ्या दिल्या, त्यांतल्या आठ जणांचा साठा जेमतेम हलला. उजव्या पंपाच्या दमण्याने आतड्याला सूज असेल तर शोषण आणखी मंदावतं.

म्हणून शिरेतून लोह. आतड्याचं दार टाळून माल थेट आत. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार वापरतात. आयर्न सुक्रोज, ज्याचे साधारण २०० मिलिग्रॅमचे डोस अनेक वेळा घ्यावे लागतात. आणि फेरिक कार्बोक्सीमाल्टोज, ज्यात एका बैठकीला १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं. किती द्यायचं याचं एक जुनं सूत्र आहे: वजन, गुणिले हिमोग्लोबिनमधली तूट, गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. वजन ५० किलो, हिमोग्लोबिन ८ आणि ते १५ पर्यंत न्यायचं असेल, तर तूट ७. म्हणजे ८४० अधिक ५००, एकूण १३४० मिलिग्रॅम. आकडा एवढा मोठा आहे हे पाहिलं की अर्धवट घेतलेल्या महिनाभराच्या गोळ्यांनी काहीच का हललं नाही, ते कळतं.

इंजेक्शनची भीती जुनी आहे, कारण पूर्वीच्या काही प्रकारांत तीव्र अ‍ॅलर्जी होत असे. आताच्या औषधांत ती क्वचित होते, पण होऊ शकते. म्हणून हे सलाईन घरी किंवा सोयी नसलेल्या खोलीत घेऊ नये, आणि संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबावं. अंगात ताप किंवा संसर्ग असेल तर पुढे ढकलतात. कार्बोक्सीमाल्टोजने काहींच्या रक्तातलं फॉस्फरस उतरतं. वारंवार डोस लागत असतील आणि हाडं दुखू लागली, थकवा वाढला, तर ते तपासावं. सुई शिरेबाहेर सरकली तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो फार काळ राहतो. हाताला जळजळ झाली तर संकोच न करता लगेच नर्सला हाक मारा.

बीट, पालक, खजूर

खा, जरूर खा. पण बीटचा लाल रंग लोहाचा नाही. पालकात लोह आहे, ते शोषलं मात्र फार कमी जातं. कलेजी, मटण, मासे यांतलं लोह शरीर कितीतरी सहज घेतं. शाकाहारी घरात बाजरी, अळीव, कडधान्यं आणि वर लिंबू, आवळा. लोखंडी कढईत आंबट भाजी केली तर थोडं लोह उतरतंही. या सगळ्याने भरलेली कणगी भरलेली राहायला मदत होते. १३४० मिलिग्रॅमचा खड्डा मात्र रोजच्या एक-दोन मिलिग्रॅमने कधी भरायचा?

मग लोह भरलं की दाब उतरेल?

इथे खरं सांगायलाच हवं. पेरूच्या प्रयोगावरून मोठी आशा वाटली होती. सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत, ज्यांत रुग्णालाही माहीत होतं आपल्याला लोह दिलंय, रुग्णांना बरं वाटलं, काहींची चाल सुधारली. मग काटेकोर चाचणी झाली: कुणाला लोह आणि कुणाला सलाईन हे रुग्णालाही ठाऊक नाही, नंतर अदलाबदल. युरोपात ३९ आणि चीनमध्ये १७ रुग्ण. २०२१ मध्ये निकाल आला. लोह सुरक्षितपणे दिलं गेलं, साठे भरले, पण व्यायामाची क्षमता लक्षणीय वाढली नाही आणि फुप्फुसातला दाबही उतरला नाही.

का? बारा आठवडे कमी पडले असतील. वर्षानुवर्षं जाड होत गेलेली नळी लोह मिळालं म्हणून पातळ होत नाही, फक्त आवळलेली नळी सैल होऊ शकते. सेरो दे पास्कोच्या त्या ११ जणांनाही लोह परत मिळाल्यावर लगेच गुण आला नव्हता. शिवाय या चाचणीचा प्रश्न लोहाच्या कमतरतेचा होता, उघड अ‍ॅनिमियाचा नव्हता. रक्त कमी असलेल्या बाईला लोह देऊन तिचं हिमोग्लोबिन ८ वरून १२ वर नेणं ही अगदी वेगळी गोष्ट आहे. तिच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद दीडपट होते आणि तेवढाच ऑक्सिजन पोचवायला हृदयाला कमी धावपळ करावी लागते.

२०२२ च्या मार्गदर्शनात हाच भेद केलेला आहे. धमन्यांच्या, म्हणजे वर सांगितलेल्या दुर्मिळ गटातल्या रुग्णाला लोहाच्या कमतरतेमुळे अ‍ॅनिमिया असेल तर लोह भरून काढावंच. नुसती कमतरता असेल, अ‍ॅनिमिया नसेल, तर विचार करता येईल, सक्ती नाही. पहिल्या शिफारशीबद्दल मला जराही शंका नाही. दुसऱ्या ठिकाणी रुग्णाला स्पष्ट सांगून निर्णय घ्यावा: यामुळे बरं वाटू शकेल, पण फुप्फुसदाबाची औषधं यामुळे बंद होणार नाहीत. 'लोहाने फुप्फुसाचा दाब बरा होतो' असा संदेश मोबाईलवर आला आणि कुणी चालू गोळी अचानक थांबवली, तर जिवावर बेतू शकतं.

डाव्या बाजूचा पंप कमजोर झाल्याने फुप्फुसदाब वाढलेल्यांचं चित्र जास्त आशादायक आहे. तिथे शिरेतल्या लोहाच्या मोठ्या चाचण्या झाल्या आहेत आणि लक्षणं कमी होतात असं दिसलं आहे. त्याच आजारात तोंडाने दिलेलं लोह मात्र २०१७ च्या चाचणीत निष्फळ ठरलं.

"त्यापेक्षा रक्तच चढवा"

हिमोग्लोबिन फारच खाली असेल, रुग्ण अस्वस्थ असेल, तर रक्त द्यावं लागतं. पण दमलेल्या उजव्या पंपावर बाटलीभर जादा द्रव एकदम आला तर तो आणखी फुगतो. शिवाय रक्ताने आजची गरज भागते, गळती तशीच राहते.

जिथे लोह देणं चूक ठरतं

अ‍ॅनिमिया म्हणजे लोहाची कमतरता, हे समीकरण नेहमी खरं नसतं. विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारच्या सातपुड्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. सिकलसेलमध्ये लाल पेशी फुटत राहतात आणि त्यामुळे फुप्फुसदाबही होऊ शकतो. म्हणजे रक्त कमी, दम लागतोय, एकोवर दाब वाढलेला, चित्र सगळं तेच. पण वारंवार रक्त चढवलेल्या अशा रुग्णाच्या अंगात लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं. थॅलेसेमियातही तेच. फेरिटिन न बघता केवळ हिमोग्लोबिनवरून लोह दिलं तर यकृताला आणि हृदयाला इजा होते.

दुसरी फसवी जागा याच्या अगदी उलट आहे. जन्मापासून हृदयात मोठं छिद्र राहून गेलेल्या काही रुग्णांत फुप्फुसदाब इतका वाढतो, की अशुद्ध रक्त छिद्रातून शुद्ध रक्तात मिसळतं आणि ओठ-नखं निळी पडतात. त्यांचं शरीर ऑक्सिजनची तूट भरून काढायला हिमोग्लोबिन १८-२० पर्यंत वाढवतं. अशा माणसाचं हिमोग्लोबिन १४ आलं तर कागदावर ते उत्तम दिसतं, प्रत्यक्षात तो त्याच्यासाठी अ‍ॅनिमिया असतो. 'रक्त फार दाट आहे, काढून टाका' म्हणून वरचेवर रक्त काढलेल्यांत लोह संपतं, पेशी लहान होतात, दम आणि थकवा वाढतो. हल्ली असं नेमाने रक्त काढत नाहीत. यांना लोह देताना थोडं थोडं द्यायचं आणि हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवायचं, कारण ते भरभर चढू शकतं.

फाईलमध्ये काय असावं

हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, तिन्ही एकाच तारखेचे. फुप्फुसदाबाचं निदान झालं तेव्हाचे, आणि नंतर ठरावीक काळाने पुन्हा. आपल्या भागात किंवा घराण्यात सिकलसेल, थॅलेसेमिया असेल तर त्याची तपासणी एकदा. हे सगळे कागद हृदयाच्या डॉक्टरांकडेही न्या आणि घराजवळच्या डॉक्टरांकडेही.

लोह कमी निघालं तर भरायच्या आधी किंवा भरत असतानाच ते गेलं कुठे हे शोधा. पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या बाईला लोहाची कमतरता असेल तर पोट आणि आतडं तपासायलाच हवं. तिथे अल्सर असतो, कधी कर्करोगाची सुरुवात असते. पाळी चालू असलेल्या बाईंना कुणी खोलात विचारत नाही, आणि त्याही सांगत नाहीत. पाळी किती दिवस, दिवसाला किती पॅड, गाठी जातात का, रात्री उठून बदलावं लागतं का, हे लिहून नेलं तर उपाय निघतो. पाळीतलं जाणं कमी करणारी, हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी साधनं या आजारातही चालतात. ती बसवताना नाडी मंदावून भोवळ येण्याचा धोका असतो, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांना कळवून मोठ्या रुग्णालयातच बसवायची. उपाय गर्भनिरोधकही असावा याला इथे आणखी एक कारण आहे: धमन्यांच्या गटातल्या फुप्फुसदाबात गरोदरपण आईच्या जिवाला फार धोक्याचं असतं.

शिरेतून लोह दिल्यावर लगेच फेरिटिन करू नका. पहिले चार आठवडे ते खोटं चढलेलं दिसतं. हिमोग्लोबिन तीन-चार आठवड्यांत वर सरकू लागतं, पूर्ण तपासणी दोन ते तीन महिन्यांनी. तेव्हा साठा भरलेला दिसला तरी पुढची तारीख फाईलच्या पहिल्या पानावर पेनाने लिहून ठेवा. गळती चालू असेल आणि हेप्सिडिनने दार लावलेलंच असेल, तर सहा महिन्यांत कणगी पुन्हा तळाला गेलेली असू शकते, आणि त्याही वेळी हिमोग्लोबिन बाराच दिसत असेल.